पोरांना ईस्टर लक्षात राहावा असं वाटत असेल तर शनिवारचं काम वाटून द्या

तू विचारलंयस की आंटी, ख्रिसमसच्या गोष्टी माझी दोन्ही पोरं वर्षभर सांगत असतात, गोठा कुणी बनवला, स्टार कुणी टांगला, पण ईस्टरला, येशू मेलेल्यातून उठला त्या सणाला, काय केलं विचारलं की "चर्चला गेलो, अंडं खाल्लं" एवढंच. आणि तू म्हणतेस तसं आपण करतो तरी काय, बेकरीतून मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेची, अंडी आणायची, मिस्सा म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, मग बिर्याणी, दुपारी सगळे आडवे आणि संध्याकाळी जो तो आपापल्या फोनवर. मुलगी 11 ची, मुलगा 6 चा, नवऱ्याची एअरपोर्टला शिफ्ट ड्यूटी, वसईच्या सासूबाई घरातच, कांदिवलीचा छोटा फ्लॅट. एवढ्यात सगळ्यांनी मिळून आठवणीत राहील असं काय करायचं, हा तुझा प्रश्न.

मी मरोळ गावठाणातली. संडे स्कूलला 26 वर्षं शिकवलं आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात, घरीच मार्झिपानचे क्लास घेते, आईबाप आणि पोरं एकाच टेबलाला बसवून. त्यामुळे बऱ्याच घरांचा ईस्टर जवळून बघितलाय. कन्फर्मेशनच्या वर्गात मी दरवर्षी मोठ्या मुलांना एक प्रश्न विचारायचे, लहानपणीचा कुठला ईस्टर आठवतो आणि त्यातलं काय आठवतं. इतक्या वर्षांत एकाही मुलाने मला सांगितलं नाही की अमुक बेकरीचं अंडं मोठं होतं. एकजण म्हणाला पप्पांच्या मेणबत्तीचं मेण माझ्या बुटावर पडलं होतं, आणि दुसरी म्हणाली आजी फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळायची आणि पहिला फुगा नेहमी मलाच. एक मुलगी म्हणाली आम्ही नारळ खवत बसायचो आणि मम्मा मध्येच रडायला लागायची कारण तिची आई त्या लेंटमध्ये गेली होती. म्हणजे बघ, हातात काहीतरी काम होतं आणि घरातलं कुणीतरी शेजारी होतं, हेच राहिलं.

ख्रिसमस का लक्षात राहतो तेही त्यातच आहे. तिथे पोरांना पंधरा दिवस आधीपासून काम असतं, माती आण, गवत आण, करंज्या भर. ईस्टरची तयारी तर चाळीस दिवसांची, पण ती आपण मोठ्यांनी आपल्यापुरती ठेवली, मटण बंद, शुक्रवारी क्रुसाची वाट ही प्रार्थना, पोरांच्या वाट्याला फक्त "आज चिकन नाही". आणि शनिवारी तू एकटी किचनमध्ये, नवरा मार्केटला, पोरं टीव्हीपुढे. म्हणून माझं सांगणं एकच आहे. रविवारचा प्रोग्रॅम आखत बसू नकोस, शनिवार पकड. नवऱ्याला एकच रजा मिळणार असेल तर रविवारची नको, शनिवारची मागायला सांग. रविवारी माणूस फक्त जेवतो, जे काही एकत्र करायचं ते शनिवारी होतं.

आधी तारखेचं बघ, कारण ईस्टर दरवर्षी सरकतो आणि नेमका परीक्षेत येऊन बसतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार, असा चर्चचा हिशोब, त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये कधीही येतो. 2024 ला होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार होता, 31 मार्च. 2025 ला हनुमान जयंतीची पौर्णिमा उलटल्यावर 20 एप्रिल. 2026 चा 5 एप्रिल आणि हनुमान जयंती त्याच आठवड्यातल्या गुरुवारी. 2027 ला परत होळीच्या मागोमाग, 28 मार्च. हे पोरांना नक्की दाखव, भिंतीवरचं कॅलेंडर घे आणि मुलीलाच शोधायला लाव, पौर्णिमा कुठे आहे, पुढचा रविवार कुठला. पौर्णिमा रविवारीच आली तर एक रविवार पुढे जायचं, एवढा एक नियम सांगायचा, आणि चर्चची पौर्णिमा आपल्या कॅलेंडरपेक्षा कधीकधी एखाद्या दिवसाने पुढेमागे असते हेही. मग ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री गच्चीवर नेऊन सांग की शिष्यांबरोबर शेवटचं जेवण करून येशू बागेत प्रार्थनेला गेला ती रात्र पण अशीच चांदण्याची होती, कारण यहुदी लोकांचा वल्हांडण सण पौर्णिमेलाच असतो. सहा वर्षांचं पोरगं हे विसरत नाही, मी पाहिलंय.

आता लेंटमधलं एक काम, मुलाला देण्यासारखं. ॲश वेन्सडेपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, घरातल्या कांद्याची सालं जमवायची. एक कापडी पिशवी किचनच्या खिळ्याला अडकव आणि सांग की हे तुझं खातं, घरात कांदा चिरला की साल तुझी. शेजारच्यांकडूनही मागून आणू दे, भाजीवाल्या भैयाकडे तर टोपलीत ढीग पडलेला असतो, तो आनंदाने देईल. चाळीस दिवस रोज त्याचा ईस्टरशी संबंध येईल. मुलीसाठी वेगळं काम, ॲश वेन्सडेच्या आदल्या दिवशी एका कागदावर 'आलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द छान रंगवून लिहायचा, कागद डब्यात बंद करून कपाटात वर ठेवून द्यायचा. लेंटमध्ये चर्चमध्ये आलेलुया म्हणत नाहीत, तो परत ऐकू येतो ईस्टरच्या रात्री. शब्द पुरून ठेवायची ही रीत फार जुनी आहे, युरोपातल्या चर्चमध्ये मध्ययुगात व्हायची, आपल्याकडे कमी घरांत करतात पण पोरांना ती लगेच कळते. आपण घरात चुकून आलेलुयाचं गाणं गुणगुणलो तर तीच आपल्याला पकडते.

गुरुवारी चर्चमधून आल्यावर घरी पाय धुवा. चर्चमध्ये फादर बाराजणांचे पाय धुतात ते पोरं मागच्या बाकावरून बघतात, त्यांना काही दिसत नाही आणि तो दुसऱ्यांचा कार्यक्रम वाटतो. घरी एक टब, कोमट पाणी, एक स्वच्छ टॉवेल, बास. सुरुवात सगळ्यात मोठ्या माणसाने करायची, म्हणजे सासूबाईंनी नातवाचे पाय धुवायचे, मग नातवाने पप्पांचे, पप्पांनी मुलीचे, मुलीने तुझे, तू सासूबाईंचे. सासूबाई आधी नको म्हणतील, माझ्या सासूबाई पण म्हणाल्या होत्या की लहानांकडून पाय धुवून घेतले असते तर ठीक, मी कशाला धुवू. मी त्यांना येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीची आठवण करून दिली, तो पण असाच अडून बसला होता, फक्त उलट बाजूने, की माझे पाय तू धुवायचे नाहीस. मग बसल्या खाली. गुडघे दुखत होते तरी बसल्या. माझा मुलगा आज 33 चा आहे, त्याला आजीच्या हाताची ती खरखर अजून आठवते असं तो म्हणतो. बोलायचं फार नाही, प्रवचन तर अजिबात नको, पाणी ओतल्याचा आवाज पुरे.

काही घरं गुरुवारी रात्री सात चर्च करतात, एकेका चर्चमध्ये थोडा वेळ आराधना करून पुढे. पोरं लहान असतील तर दोन पुरे, चालत जाता येईल अशी, कारण रिक्षातून सात करण्यापेक्षा हात धरून चालत दोन केलेली जास्त राहतात.

गुड फ्रायडेला फार काही करू नकोस. दुपारी पेज आणि लोणचं, संध्याकाळी हॉट क्रॉस बन, टीव्ही बंद. चर्चचा उपासाचा नियम 18 ते 59 वयाला आहे आणि मांस वर्ज्य 14 पासून, त्यामुळे सहा वर्षांच्या पोराला उपाशी ठेवायची काही गरज नाही, त्याला पेज गोड करून दिलीस तरी चालेल. एक मात्र कर, दुपारी 3 वाजता, येशूने क्रुसावर प्राण सोडला त्या वेळेला, सगळ्यांनी एकत्र दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, जिथे असाल तिथे. नवरा ड्यूटीवर असेल तर तो तिथे उभा राहील, पोरांना ते सांगायचं की पप्पा पण आत्ता उभे आहेत.

आता शनिवार. हा दिवस चर्चमध्ये रिकामा असतो, वेदी उघडी, दिवसा मिस्सा नाही. घरात मात्र सगळ्यात जास्त हात चालतात. प्रत्येकाला एक काम, ठरलेलं, आणि ते दरवर्षी त्याचंच राहील असं आधीच सांगायचं. "चल थोडी मदत कर" याला काम म्हणत नाहीत. ज्याचं काम त्याने नाही केलं तर ती गोष्ट त्या वर्षी होणार नाही, इतकं खरं काम पाहिजे. मुलाने अंडी रंगवली नाहीत तर रंगीत अंडी नाहीत.

अंडी रंगवायचं असं. आठ-दहा कांद्यांची सालं एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळ, गाळ, थंड कर, दोन टेबलस्पून पांढरं व्हिनेगर घाल. पांढऱ्या कवचाची अंडी घे, देशी तपकिरी नकोत, त्यावर रंग उठत नाही. कोथिंबिरीचं किंवा मेथीचं एकेक पान अंड्यावर चिकटवायचं, वरून जुन्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा घट्ट ताणून दोऱ्याने बांधायचा, आणि त्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळायचं, मग तसंच पाण्यात गार होऊ द्यायचं. सोडल्यावर विटकरी-तांबूस अंडं आणि त्यावर पानाचा पांढरा ठसा. पान बसवणं आणि शेवटी दोरा कापणं मुलाचं, उकळणं मोठ्यांचं. वरून बोटभर तेल चोळलं की चमकतं. हळदीने पिवळा येतो, जांभळ्या कोबीच्या पाण्यात व्हिनेगर घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर निळा, ते बघून तर मोठी माणसंही अवाक होतात कारण पाणी जांभळं आणि अंडं निळं. पण कांद्याचं चुकवू नकोस, ती चाळीस दिवसांची पिशवी त्यात गेलेली असते.

मुलगा विचारेल अंडंच का. त्याला खरं सांग. जुन्या काळी लेंटमध्ये मांसाबरोबर अंडीही बंद असायची, कोंबड्यांना ते कोण सांगणार, त्या अंडी घालतच राहायच्या, मग चाळीस दिवसांनी घरात अंड्यांचा ढीग. आणि बाहेरून अंडं दगडासारखं बंद दिसतं पण आतून जीव बाहेर येतो, येशूच्या थडग्यासारखं, म्हणून हा सण अंड्याचा.

मार्झिपान मुलीचं काम. 11 वर्षांची पोरगी हे उत्तम करते. पाव किलो काजूची पूड, पाव किलो पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग, दोन चमचे गुलाबपाणी. काजू मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचे, काजूकतलीला करतो तसे, सलग फिरवलेस तर तेल सुटून गोळा चिकट होतो. सगळं जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं, कडा सोडून गोळा व्हायला लागला की उतरवायचं. हे तू बुधवारीच रात्री करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव म्हणजे शनिवारी सकाळी मुलगी साचे भरायला मोकळी. साच्याला पिठीसाखर भुरभुरवायची, पातळ थर दाबायचा, अर्धी अंडी काढून पंख्याखाली वाळवायची, संध्याकाळी दोन अर्धी जोडायची आणि वर आयसिंगने नाव. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की मार्झिपानला पाणी सुटतं, लोक घाबरून फ्रिजमध्ये टाकतात आणि बाहेर काढल्यावर ते आणखी चिकट होतं. फ्रिज नको, पंखा हवा, आणि थर पातळ.

जोडण्याआधी आत चिठ्ठी घालायची, बटर पेपरमध्ये गुंडाळून. मुलगी प्रत्येकाच्या अंड्यात त्याच्यासाठी एक ओळ लिहील, त्या माणसाबद्दल या वर्षी तिला काय आवडलं. हे माझ्या क्लासमध्ये एका मुलाने स्वतःहून सुरू केलं, मी नाही. त्याचे पप्पा गल्फला होते, त्यांचं अंडं त्याने ख्रिसमसच्या रजेपर्यंत डब्यात ठेवलं होतं, तोवर ते दगड झालं होतं, खाण्याजोगं राहिलं नव्हतं, पण फोडलं तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं असं त्याची आई मला सांगत होती.

इथे माझी एक चूक सांगते. माझी मुलं लहान होती तेव्हा माझ्याकडे मार्झिपानच्या बऱ्याच ऑर्डरी असायच्या आणि घरची अंडीसुद्धा सुबकच झाली पाहिजेत असं मला वाटायचं. पोरांच्या बोटांचे ठसे उठायचे म्हणून मी त्यांना बाहेर खेळायला पाठवायचे. सलग चार-पाच वर्षं. आज मुलगी म्हणते मम्मा, त्या वर्षांचं मला काहीच आठवत नाही ग, फक्त दार बंद असायचं एवढं आठवतं. ते मला अजून लागतं. तुझ्या मुलीची अंडी वाकडी होतील, आयसिंग ओघळेल, नावातला एक काना सुटेल, तू हात लावू नकोस. तशीच टेबलावर ठेव, तशीच शेजाऱ्यांना दे.

फुगे सासूबाईंचे. अर्धा किलो मैदा, तीन अंडी, नारळाचं घट्ट दूध कपभर, थोडी साखर, मीठ, आणि ताडीच्या ऐवजी आता यीस्ट एक चमचा. पीठ चांगलं फेटून तीन-चार तास आंबू द्यायचं, उन्हाळ्यात लवकर फुगतं. मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून गोळी वर काढायची आणि तेलात सोडायची, ही मूठ शिकायला वर्षं लागतात आणि ती बघून शिकायची गोष्ट आहे. पीठ नीट आंबलेलं असेल तर फुगा तेलात स्वतःच कूस बदलतो. तळणीपाशी फक्त मोठे, मुलगी पलीकडे झारा धरून. आणि त्या दोन तासांत सासूबाईंना विचारत राहायचं, वसईला तुमच्याकडे ईस्टरला काय व्हायचं, कोण काय आणायचं, चर्चला बैलगाडीने जायचात की चालत, नवे कपडे कुठून शिवायचे. फोन एका बाजूला उभा करून रेकॉर्डिंगला लाव आणि विसरून जा. समोरासमोर बसवून "सांगा जुन्या आठवणी" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात, हात पिठात असले की आपोआप बोलतात. मुलगी विचारेल की पश्चिम किनाऱ्यावर राहून आजीच्या माहेरच्या काही लोकांना आणि मरोळच्या आंटीला ईस्ट इंडियन का म्हणतात, तर सांग की 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी बाहेरून नोकरीला आलेल्यांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीवरून ते नाव घेतलं.

आमच्याकडे फुग्यांची मूठ माझ्या सासऱ्यांची होती. हो, हे बाईचंच काम असं काही नाही, ते बेकरीत कामाला होते, त्यांचा हात असा चालायचा की दर फुगा एका मापाचा. ते गेले त्याच्या पुढच्या ईस्टरला शनिवारी पीठ आंबून वर आलं आणि किचनमध्ये कोणीच पुढे होईना. माझी मुलगी तेव्हा 13 ची होती, तिने हात धुतले आणि बसली. पहिले वीस-पंचवीस फुगे शेपटीवाले झाले. आज तिच्या सासरी ईस्टरला तीच फुगे करते. म्हणून मी म्हणते काम नावावर असू दे, माणूस गेल्यावर त्याची जागा दिसते आणि कुणीतरी ती भरायला उठतं.

नवऱ्याचं काम मेणबत्त्यांचं. चार-पाच मेणबत्त्या, प्रत्येकीला कागदी कपाला भोक पाडून खालून बसवायची म्हणजे मेण हातावर पडत नाही. शिवाय दुपारी सगळ्यांना झोपवणं हेही त्याचंच, कारण रात्रीची मिस्सा उशिरा आणि लांब असते. पोरांना घेऊन जा. लोक म्हणतात लहान मुलं कंटाळतात, सकाळचीच बरी. मला उलटा अनुभव आहे, वर्षातली पोरांसाठी सगळ्यात चांगली मिस्सा हीच. अंधारात बाहेर आग पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, मग अंधाऱ्या चर्चमध्ये एका ज्योतीवरून शेजारच्याची ज्योत करत करत सगळं चर्च उजळतं. जाण्याआधी पोरांना शोधायला तीन गोष्टी दे, मोठ्या मेणबत्तीवर चालू वर्षाचे चार आकडे कुठे आहेत, तिच्यावरचे धुपाचे पाच दाणे म्हणजे येशूच्या पाच जखमा ते दिसतात का, आणि इतके दिवस गप्प असलेल्या घंटा नेमक्या कधी वाजतात. आणि मुलीला चौथी, आलेलुया कधी येतो. मध्ये मुलगा झोपला तर झोपू दे, घंटांना उठव.

घरी आल्यावर दिवे लावायचे नाहीत. चर्चमधून आणलेल्या मेणबत्तीने, वाऱ्याने विझली तर दारात परत पेटवून, आधी घरातल्या वेदीवरचा दिवा लावायचा, मग मुलीने कपाटातला डबा उघडून आलेलुयाचा कागद भिंतीला लावायचा, मग ट्यूबलाइट. घरातल्या सगळ्यात लहानाने म्हणायचं "प्रभू उठला आहे" आणि बाकीच्यांनी "खरोखर उठला आहे". मग चहा, फुगे आणि दोन दिवस मुरलेलं सोरपोटेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, रात्री बारा-साडेबाराला. झोपेतून अर्धवट जागं राहून रात्री खाल्लेलं पोरं जन्मभर सांगतात.

रविवारी अंडी शोधायचा खेळ करायचा असेल तर चॉकलेटची लपवू नकोस. चॉकलेट 34 अंशाच्या आसपास वितळतं आणि एप्रिलमध्ये दहा वाजता आपल्या सोसायटीच्या भिंती काय तापतात तुला माहितेय. उकडलेली अंडीही उन्हात ठेवायची नाहीत, फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर गेली तर खायची नाहीत, शिवाय कावळे तुमच्या आधी शोधतात. प्लास्टिकची उघडणारी अंडी घे, मार्केटमध्ये मिळतात, नाहीतर काड्यापेट्यांना रंगीत कागद लाव. आत गोळ्यांऐवजी पुढच्या अंड्याचा पत्ता, आजीच्या भाषेत, म्हणजे शोधताना आजीला विचारायलाच लागेल की "पाटा-वरवंटा" म्हणजे काय. शेवटचं अंडं रिकामं ठेव. मुलगा उघडून म्हणेल यात काहीच नाही, आणि तेव्हा त्याला सांगायचं की बायका पहाटे येशूच्या थडग्यापाशी गेल्या त्यांनाही असंच वाटलं होतं. सोसायटीतली इतर पोरं पण बोलाव, त्यांना गोष्ट नाही सांगितली तरी चालेल, खेळ सगळ्यांचा. आणि दिवाळीला फराळाचं ताट ज्या दारातून येतं त्या प्रत्येक दारी फुगे आणि एक वाकडं अंडं पोरांच्या हातून गेलंच पाहिजे, फक्त सोरपोटेल विचारून दे.

जेवताना ग्रीसची एक रीत आम्ही उचलली आहे, रंगवलेली उकडलेली अंडी एकमेकांवर टोकाला टोक आपटायची, ज्याचं शेवटपर्यंत फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जाणार. तिथे सगळी अंडी लालच असतात, आपली कांद्याची त्याच्या जवळ जातात. सासूबाई जिंकल्या की पोरांचा चेहरा बघ.

राहिला प्रश्न ड्यूटीचा. रविवारी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही तर ईस्टर गेला असं समजू नकोस. चर्चच्या हिशोबात पुढचा रविवार धरून आठ दिवस ईस्टरच असतो, मोठा सणच, आणि ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत 50 दिवस चालतो. त्या आठवड्यात ज्या दिवशी त्याची सुट्टी असेल त्या दिवशी पहाटे उठा, तुम्ही कांदिवलीला आहात म्हणजे मार्वे किती जवळ, तिथून फेरी पकडून मनोरी. जाताना घरूनच भाजलेले बांगडे आणि पाव डब्यात घ्या. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना तलावाच्या काठी भेटला ती गोष्ट तिथे वाळूत बसून वाचायची, योहानाच्या शुभवर्तमानात शेवटचा अध्याय, एकविसावा. रात्रभर जाळी टाकून काही मिळालं नाही, पहाटे काठावरून कुणीतरी म्हणालं उजवीकडे टाका, आणि जाळं भरलं, 153 मासे, तेही मोजलेले. काठावर निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवून त्याने त्यांना न्याहारीला बोलावलं. समोर होड्या, कोळी लोक जाळी निवडतायत, वास तोच, आणि हातात बांगडा. मी ही गोष्ट वर्गात फळ्यासमोर पंचवीस वर्षं शिकवली आणि एकदाच मुलांना घेऊन समुद्रावर शिकवली, त्या बॅचमधली मुलं भेटली की 153 हा आकडा अजून सांगतात.

एक साधी दोनशे पानी वही ठेव, ईस्टरची. दर ईस्टर मंडेला एक पान, मुलीच्या अक्षरात: कोण कोण होतं, किती फुगे झाले, कोणाचं अंडं जिंकलं, काय करपलं. फोटो फोनमध्ये हरवतात, वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली तरी सापडते.

आणि हे सगळं याच वर्षी करायला जाऊ नकोस, दमशील आणि रविवारी चिडशील, मग पोरांना तेच आठवेल. या वर्षी कांद्याची पिशवी, गुरुवारचं पाय धुणं आणि सासूबाईंचे फुगे, एवढंच घे. मार्झिपान बेकरीतून साधं आणलंस तरी चालेल, फक्त नाव न घातलेलं आण आणि आयसिंगची पिशवी मुलीच्या हातात दे. मनोरी पुढच्या वर्षी. साचे नसतील तर कळव, माझ्याकडे सासऱ्यांच्या वेळचे जास्तीचे दोन आहेत, लेंट संपेपर्यंत घेऊन जा.